तुम्ही विचारलंत म्हणून: कॅरोलिनाचा भात आणि स्वातंत्र्य

इंग्लंडच्या राजाच्या करांना गुलामी म्हणणाऱ्या दक्षिण कॅरोलिनाच्या मळेवाल्यांना आपल्याच शेतात राबणारे गुलाम दिसत नव्हते का? अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो. माझं उत्तर असं की दिसत होते, अगदी स्वच्छ दिसत होते. पण तिथलं भाताचं शेत कसं चालायचं ते कळल्याशिवाय हे उत्तर पटायचं नाही, म्हणून आधी शेतात जाऊ.

1670 मध्ये वसलेल्या चार्ल्सटन या तिथल्या मुख्य बंदरात कॅरिबियन समुद्रातल्या बार्बाडोसहून आलेले मळेवाले बरेच होते. उसाच्या बेटावरचा गुलामीचा कायदा त्यांनी बरोबर आणला. शतक संपता संपता भात रुजला आणि 1708 पर्यंत वसाहतीत गोऱ्यांपेक्षा काळी माणसं जास्त झाली. सुरुवातीची शेती आतल्या दलदलीत, वरच्या अंगाला साठवलेल्या पाण्यावर होती. 1750 नंतर ती हळूहळू नद्यांच्या काठी, भरतीच्या पाण्यावर आली.

इथे जागा नेमकी लागते. भरतीचा जोर पोचला पाहिजे, पण खारं पाणी पोचता कामा नये. समुद्र चढतो तेव्हा तो नदीचं गोडं पाणी मागे रेटतो, आणि ते फुगलेलं गोडं पाणी शेतात घ्यायचं असतं. गोव्याच्या खाजणात, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतात, मानशीचं (बांधातल्या पाणवाटेचं) दार खारं पाणी बाहेर अडवतं, इथलं दार गोडं पाणी आत घेतं. बांधाच्या पोटातून फळ्यांची लांब पेटी आरपार घालायची, तिला म्हणत ट्रंक. पेटीच्या दोन्ही तोंडांवर वरून टांगलेली एकेक झडप. शेत भरायचं तर नदीकडची झडप वर उचलून ठेवायची. भरतीचं पाणी पेटीतून येऊन शेताकडची झडप ढकलतं आणि आत शिरतं. ओहोटी लागली की शेतातलं पाणी तीच झडप आतून दाबून बंद करतं. शेत सुकवायचं तर उलट: शेताकडची झडप उचलायची, बाकीचं काम ओहोटी करते.

पेरल्यावर कोंब फुटण्यापुरतं पाणी द्यायचं, मग सोडायचं. रोपं सुईएवढी दिसली की पुन्हा पाणी, गवत मारायला. पुढे कुदळीने खुरपणी, मग खोल पाणी, पुन्हा कोरडं शेत आणि खुरपणी, आणि शेवटी कापणीपर्यंत उभं पाणी, म्हणजे जड लोंब्यांची ताटं आडवी होत नाहीत. पाऊस कमी झाला की खारं पाणी नदीत वर चढतं. अशा वेळी चव न बघता झडप उचलली तर पीक जळतं. वरून पूर आला तर बांध फुटतो. मस्करॅट नावाचा उंदरासारखा प्राणी बांधात बिळं करतो आणि छोटी गळती एका भरतीत खिंडार होते. त्यामुळे पीक जगणार की जाणार हे त्या दारावरच्या गुलामाच्या हाती असायचं. पश्चिम आफ्रिकेत भात पिढ्यान्‌पिढ्या पिकत होता, आणि चार्ल्सटनमधल्या गुलामविक्रीच्या जाहिरातींत ‘राइस कोस्ट’हून, म्हणजे तिथल्या भाताच्या किनाऱ्याहून, आलेली माणसं असं मुद्दाम छापत.

काम नेमून दिलेलं असे. खुरपणीला माणशी पाव एकर, म्हणजे आपले दहा गुंठे. गुडघाभर चिखल, डास, हिवताप. मळेवाले हिवतापाच्या भीतीने उन्हाळ्यात मळा सोडून शहरात जात. कापणीनंतर उखळात मुसळाने कांडप: घाव हलका पडला तर तूस निघत नाही, जोरात पडला तर कणी होते आणि भाव पडतो. दिवसभर शेतात राबलेल्या हातांनी हे काम पहाटे आणि रात्री करायचं. या भागाचा मला सगळ्यांत जास्त त्रास होतो.

आता राजकारण. 1774 मध्ये वसाहतींनी इंग्लंडशी व्यापार तोडायचं ठरवलं, तेव्हा दक्षिण कॅरोलिनाचे प्रतिनिधी सभेतून उठून गेले. निर्यातबंदीतून तांदूळ वगळला गेला तेव्हाच त्यांनी सही केली. पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये थॉमस जेरेमाया या बंदरातल्या स्वतंत्र काळ्या वाटाड्याला, गुलामांना उठावाला चिथावल्याच्या आरोपावरून, फाशी देऊन जाळलं.

हेन्री लॉरेन्स हा दक्षिण कॅरोलिनाचा मळेवाला आणि स्वातंत्र्याच्या बाजूचा पुढारी, गुलामांच्या व्यापारात श्रीमंत झालेला. ऑगस्ट 1776 मध्ये त्याने मुलाला लिहिलं की मला गुलामगिरीचा तिटकारा आहे. त्याच पत्रात आपल्या गुलामांची लिलावातली किंमत त्याने मांडली, 20,000 पौंड. तुमच्या प्रश्नाचं उत्तर या एका पत्रात आहे.

मुलाने, जॉन लॉरेन्सने, ते मनावर घेतलं. 3,000 गुलामांना सैन्यात घ्या आणि बदल्यात स्वातंत्र्य द्या, अशी त्याची योजना मार्च 1779 मध्ये काँग्रेसने, म्हणजे बंड केलेल्या वसाहतींच्या मध्यवर्ती सभेने, मान्य केली, मालकांना भरपाई देण्याच्या तयारीसह. दक्षिण कॅरोलिनाच्या विधिमंडळाने ती फेटाळली. तिकडे जूनमध्ये इंग्रज सेनापती क्लिंटनने बंडखोरांच्या पळून येणाऱ्या गुलामांना आसरा जाहीर केला, आणि माणसं हजारोंनी इंग्रजांकडे गेली. बॉस्टन किंग त्यांतलाच एक. छावणीत त्याला देवी आल्या, त्यातून तो वाचला आणि पुढे कॅनडातल्या नोव्हा स्कोशिया व पश्चिम आफ्रिकेतल्या सिएरा लिओनपर्यंत पोचला. त्याच्यासारखे पळून आलेले पुष्कळजण मात्र छावण्यांतच देवीने मेले.

12 मे 1780 ला चार्ल्सटन पडलं आणि दक्षिणेतल्या इंग्रज सैन्याची सूत्रं कॉर्नवॉलिसकडे आली. (1792 मध्ये श्रीरंगपट्टणच्या वेढ्यात हरिपंत फडके ज्याच्याबरोबर होते, तोच हा.) जॉन लॉरेन्स ऑगस्ट 1782 मध्ये कोम्बाही नदीवर मारला गेला, तांदूळ गोळा करायला आलेल्या इंग्रज तुकडीशी लढताना. तीन महिन्यांनी पॅरिसमध्ये युद्ध संपवणाऱ्या तहाचा मसुदा झाला. इंग्रजांच्या बाजूने रिचर्ड ऑसवाल्ड, सिएरा लिओनजवळच्या बन्स बेटावरच्या गुलामांच्या कोठीतला भागीदार. अमेरिकेच्या बाजूने हेन्री लॉरेन्स, ज्याने त्याच कोठीची माणसं चार्ल्सटनमध्ये दलालीवर विकली होती. जाताना इंग्रजांनी काळी माणसं किंवा इतर मालमत्ता नेऊ नये, हे कलम लॉरेन्सने घालून घेतलं. तरी त्याच वर्षी 14 डिसेंबरला चार्ल्सटन रिकामं करताना हजारो काळी माणसं जहाजांवर चढली. त्यांतली बरीच इंग्रजनिष्ठ मालकांची मालमत्ता म्हणूनच गेली.

1787 च्या संविधान सभेत दक्षिण कॅरोलिनाने आग्रह धरला, आणि 1808 पर्यंत गुलामांच्या आयातीवर केंद्राला बंदी घालता येणार नाही, असं ठरलं. राज्याने स्वतःहून थांबवलेली आयात 1803 च्या शेवटी पुन्हा सुरू केली. मुदत संपेपर्यंतच्या चार वर्षांत चार्ल्सटनला सुमारे 40,000 माणसं उतरवली गेली.