गळा, बाही आणि पहिलं तीमथ्य

ख्रिस्ती बाईच्या ब्लाऊजचा पाठीचा गळा किती खोल असावा, याबद्दल पवित्र शास्त्रात एक अक्षर नाही. मी शोधून बघितलंय. गळे कापणं हाच माझा धंदा असल्यामुळे मला ते बघणं भागच होतं.

बेळगावात शहापूरच्या बाजूला माझं शिलाईचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराची पुढची खोली, शिलाईची दोन मशिनं, एक पिकोचं मशीन आणि मापांच्या वह्या. गिऱ्हाईक सगळ्या जातीधर्मांचं. दिवाळीचं काम हातावेगळं झालं की नाताळाचं आणि लग्नांचं सुरू होतं, आणि तेव्हा आमच्या ख्रिस्ती बायका जास्त येतात. कॅम्पातल्या असतात, खानापूरकडच्या असतात, एखादी गोकाकहूनही येते. छाती, मुंढा, बाही इथपर्यंत सगळ्या मोकळ्या आवाजात बोलतात. गळ्यापाशी आलं की आवाज खाली येतो.

"जरा खोलच ठेवा की अक्का. पण चर्चमध्ये घालायचाय."

"मग खोल ठेवू की नको?"

"ठेवा की. पदर घेते मी."

मी स्वतः कोपरापर्यंत बाही घालते, गळा बेताचा, आणि प्रार्थनेला डोक्यावर पदर. गळ्यात काळ्या मण्यांचं मंगळसूत्र आणि त्यात क्रूस. याव्यतिरिक्त सोनं घालत नाही. हे कुणी माझ्यावर लादलेलं नाही. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, निम्म्याअधिक बायका उघड्या डोक्याने बसतात आणि पाळकसाहेब कुणाला काही म्हणत नाहीत. माझी जाऊ पाटल्या-बिलवर घालून माझ्या शेजारीच बसते. आमचं त्यावरून कधी वाजलेलं नाही (वाजतं ते दुसऱ्याच गोष्टींवरून).

पदराचं आधी सांगते. बायबलातल्या करिंथकरांच्या पहिल्या पत्रात अकराव्या अध्यायात प्रेषित पौल म्हणतो की प्रार्थना करताना स्त्रीने मस्तक झाकावं. वचन मला पाठ आहे. पण पदर मला पौलाने शिकवलेला नाही, आईने शिकवला. आईला तिच्या सासूने, आणि त्या दोघींना या मुलखाने. इकडची इरकल नेसणारी जुन्या वळणाची कुठलीही बाई घ्या, मराठा, लिंगायत, जैन, वडीलधारं माणूस दारात आलं की तिचा हात आपोआप पदराकडे जातो. मग माझ्या डोक्यावरच्या पदरात ख्रिस्ताचा भाग किती आणि बेळगावचा किती? मला ते उसवून वेगळं करता येत नाही, आणि करायची निकडही वाटत नाही.

आमची शेजारीण कॅथलिक आहे. त्यांच्या १९१७ च्या कॅनन कायद्यात, म्हणजे चर्चच्या कायद्यात, बायकांनी चर्चमध्ये डोकं झाकावं असं कलमच होतं. १९८३ साली नवा कायदा आला त्यात ते कलम नाही. ही बाई तरी मिस्साला जाताना ओढणी डोक्यावर घेतेच. का, म्हणून विचारलं तर म्हणाली, "बरं वाटतं गं मला. डोकं जाग्यावर राहतं." या विषयावर ऐकलेल्या बऱ्याच लांब उपदेशांपेक्षा मला हे उत्तर पटलं.

खरं मोल मोजावं लागतं ते पदराचं नाही, कपाळाचं. आमच्याकडे कुंकू लावत नाहीत. खानापूरच्या बसमध्ये शेजारी एखादी म्हातारी बसते, गाव विचारते, मुलं विचारते, आणि मग माझ्या कपाळाकडे बघून आवाज मऊ करते. "मालक नाहीत काय वो?" "आहेत की." "मग कपाळ असं?" आम्ही ख्रिस्ती, असं सांगितलं की तिची नजर हातातल्या हिरव्या बांगड्यांवर, तिथून मंगळसूत्रावर जाते, आणि तिचा गोंधळ आणखी वाढतो. जावेची मुलगी हल्ली ड्रेसच्या रंगाची टिकली लावते. तिच्या दृष्टीने त्यात पूजाबिजा काही नाही, शोभा आहे, आणि ते खरंच आहे. मी मात्र लावणार नाही. माझ्या आजीने हे कपाळ रिकामं ठेवण्यासाठी माहेरचं, गावाचं, विहिरीवरच्या बायांचं काय काय ऐकून घेतलं ते मला ठाऊक आहे. त्याच कपाळावर साडीला जुळणारी टिकली चिकटवायला माझा हात होत नाही.

सोन्याची गोष्ट वेगळी. आजीचा किंवा आईचा यात काही संबंध नाही, ही माझी एकटीची आहे. नाताळच्या उपासनेला आमच्या बाकावर एक बाई बसली होती. वडगावात यंत्रमागावर कांड्या भरायचं काम करायची. गळ्यात एक ग्रॅमवालं मोठं गंठण, कुणाकडून तरी मागून आणलेलं. त्याचा हूक सैल होता. पूर्ण उपासनाभर तिचा एक हात गळ्याशी. गाताना हात गळ्याशी, प्रार्थनेला डोळे मिटले तरी हात गळ्याशी. प्रभुभोजनासाठी पुढे जायची वेळ आली तेव्हा भाकर घ्यायला दोन्ही हात पुढे करायचे, म्हणून ती उठलीच नाही. माझ्या गळ्यात त्या दिवशी खरं सोनं होतं, चांगलं ठसठशीत. तिला ते मागून का आणावं लागलं, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. घरी येऊन काढलं ते काढलं. घरच्यांना वाटलं, मी कुठल्या तरी कडक पंथाच्या सभेला जायला लागले.

त्यानंतर तीमथ्याचं पहिलं पत्र पुन्हा वाचलं. दुसऱ्या अध्यायातलं ते वचन बायकांच्या कपड्यांबद्दल बोलताना हमखास काढतात. मर्यादेने राहा एवढं म्हणून पौल पुढे नावं घेतो ती कशाची? केस गुंफण्याची, सोन्याची, मोत्यांची, मोलाच्या वस्त्रांची. बाहीची लांबी नाही, गळ्याची खोली नाही, जीन्स तर नाहीच नाही. यादीतल्या प्रत्येक गोष्टीला पैसे लागतात. पेत्राच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात पुन्हा तेच, केसांची वेणीफणी, सोनं, भारी पोशाख. मी शिंपीण आहे, माझ्या लक्षात हे आधी यायला हवं होतं असं कुणी म्हणेल. पण आपल्या कानांवर ते वचन नेहमी पोरींचे गळे मोजणाऱ्यांच्या तोंडून पडतं.

एका मंडळीच्या दाराशी मी सूचना वाचली होती. नाव सांगत नाही. स्त्रियांनी बिनबाह्यांचे कपडे घालू नयेत, जीन्स घालू नये, ओढणी असावी. पुरुषांसाठी काही नव्हतं. त्याच मंडळीतल्या लग्नाच्या साड्यांना मी फॉल-पिको केलेलं आहे. त्यातल्या एकेका साडीच्या किमतीत वडगावातल्या त्या बाईचं घर काही महिने चाललं असतं. त्या साड्यांवरचे ब्लाऊज अगदी मर्यादशील होते, बाही कोपरापर्यंत. सूचनेत बसणारे. तीमथ्यात न बसणारे.

दागिन्यांना मी पाप म्हणत नाही, हेही सांगून टाकते, नाहीतर जाऊ रागावेल. उत्पत्तीच्या चोविसाव्या अध्यायात अब्राहामाचा नोकर रिबकेला विहिरीवर सोन्याची नथ आणि हातात घालायला सोन्याची कडी देतो. वचनात वजनासकट लिहिलंय: नथ अर्ध्या शेकेलाची, कडी दहा शेकेलांची. आणि त्याच अध्यायाच्या शेवटी इसहाक समोरून येतोय म्हटल्यावर तीच रिबका उंटावरून उतरून बुरखा घेते. नथ आणि पदर एकाच मुलीच्या अंगावर, एकाच अध्यायात. आता यातून कोण काय नियम काढणार?

अंग झाकणं म्हणजे दबणं, असं माझी लेक म्हणते. ती बेंगळुरूला शिकते. तिला मी त्रावणकोरची गोष्ट सांगितली. बेळगावात १८२० साली ज्या लंडन मिशनरी सोसायटीने काम सुरू केलं, तिचंच काम दक्षिण त्रावणकोरातही होतं. तिथे नाडार बायकांना वरच्या जातींपुढे छाती झाकायची मनाई होती. ख्रिस्ती झालेल्या बायकांनी जाकीट घालायला सुरुवात केली, तर भर बाजारात ती अंगावरून फाडली गेली. वर्षानुवर्षं दंगे झाले. शेवटी २६ जुलै १८५९ ला त्रावणकोरच्या महाराजांनी जाहीरनामा काढून अंग झाकायला परवानगी दिली, तीही वरच्या जातींच्या बायकांच्या पद्धतीने झाकायचं नाही या अटीवर. त्या बायकांसाठी जाकीट म्हणजे ताठ मान होती. लेकीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बरोबर आहे की आई. त्यांना जे घालायचं होतं ते घालू देत नव्हते. मीही तेच म्हणतेय." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मशीनवर बसले.

२०२२ मध्ये आपल्या राज्यात हिजाबचा वाद पेटला तेव्हा दुकानात रोज तोच विषय. माझ्याकडे मुसलमान बायकाही शिवायला येतात, त्या दिवसांत त्या कमी बोलायच्या. १५ मार्चला हायकोर्टाने सांगितलं की हिजाब हा इस्लाममधला अत्यावश्यक धर्माचार नाही. ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींची दोन मतं पडली. एकाने हायकोर्टाचा निकाल उचलून धरला, दुसऱ्याने मुलीची निवड आणि तिचं शिक्षण आधी असं म्हटलं. मला कायद्यातलं फार कळत नाही. पण 'अत्यावश्यक' हा शब्द पेपरात वाचला आणि माझा पदर आठवला. उद्या तो कोर्टात नेला तर टिकेल का? कॅथलिकांनी कलम काढून टाकलंय, आमच्यातल्या निम्म्या जणी घेत नाहीत, पाळकसाहेब काही म्हणत नाहीत. पाच मिनिटांत सिद्ध होईल की अत्यावश्यक नाही. मग तो मी डोक्यावरून काढीन का? नाही काढणार. धर्माला तो लागत नसेल, मला लागतो.

पंडिता रमाबाईंचं मला यासाठी फार वाटतं. जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातल्याच सह्याद्रीत, गंगामूळला. इंग्लंडमध्ये १८८३ साली बाप्तिस्मा घेतला, पण तिथल्या ज्या सिस्टरांनी आसरा दिला, शिकवलं त्यांच्यापुढेही मान तुकवली नाही. मांस खाल्लं नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, म्हणून पत्रातून वाद घातला. शेवटपर्यंत साधं पांढरं लुगडं. त्यांचं म्हणणं हट्टाचं होतं असं त्या सिस्टरांना वाटलंच असणार.

तर, मुद्द्यावर येते. रोमकरांच्या पत्रातला चौदावा अध्याय. एकजण सगळं खातो, एकजण फक्त भाजीपाला. एकजण एक दिवस पाळतो, दुसऱ्याला सगळे दिवस सारखे. पौल म्हणतो, ज्याची त्याची मनात पक्की खातरी असू द्या. मंडळीत हे वाचलं की सगळे माना डोलावतात. पण त्या अध्यायात अशक्त कुणाला म्हटलंय ते नीट बघा. नियम पाळणाऱ्याला! भाजी खाणारा तो विश्वासाने अशक्त. म्हणजे पदर घेणारी, सोनं न घालणारी मी अशक्त, आणि पाटल्या-बिलवर घालून बसलेली जाऊ सशक्त. तिला हे दाखवलं तेव्हा ती इतकी हसली की चहा सांडला. अशक्ताने सशक्ताला दोष लावायचा नाही आणि सशक्ताने अशक्ताला तुच्छ मानायचं नाही, असा तो सौदा आहे. माझ्या वाट्याला दोष न लावणं आलंय, आणि ते सोपं नाही, कारण मापाची टेप माझ्याच गळ्यात असते.

प्रार्थनासभेतल्या एक-दोघी विचारतात, तुम्ही एवढ्या पाळता, मग ते दोरी-लटकनवाले उघड्या पाठीचे ब्लाऊज शिवता कशा? शिवते. गिऱ्हाइकाची पाठ गिऱ्हाइकाची. अस्तर चांगलं लावते, हूक पक्के लावते, शिलाई उसवणार नाही एवढं बघते. लेकीलाही बिनबाह्यांचा कुर्ता मीच शिवून दिला. कॉलर मात्र तिला न विचारता लावली, त्यावरून फोनवर तासभर ऐकून घेतलं.

मागच्या आठवड्यात बायकांच्या सभेत नाताळच्या तयारीचा विषय निघाला. कुणीतरी नेहमीप्रमाणे तरुण मुलींच्या कपड्यांवर आली. मी म्हटलं, मुलींना यंदा काहीच सांगू नका. त्याऐवजी आपण मोठ्या बायकांनीच ठरवू या, प्रभुभोजनाला येताना मंगळसूत्राशिवाय सोनं नको. फक्त त्या एका उपासनेपुरतं.

थोडा वेळ सगळ्या आपापल्या बांगड्यांकडे बघत होत्या. मग मागून एक आवाज आला, "मग घालायचं कधी हो? लॉकरला?"

विषय पुढच्या सभेवर ढकलला आहे.