जिनिव्हातला एक मंगळवार

आमच्या इमारतीत कपडे धुण्याचं मशीन कुणाच्याच घरात नाही. तळघरात एक आहे, सगळ्या बिऱ्हाडांचं मिळून. भिंतीवर तक्ता लावलाय, त्यावर ज्याचा त्याचा वार आणि वेळ. माझा मंगळवार, सकाळी दहापर्यंत. माझ्यानंतर तिसऱ्या मजल्यावरची सुदानी शेजारीण. त्यामुळे दर मंगळवारी आमची गाठ पडते आणि तुटक्या फ्रेंचमध्ये का होईना, चार गोष्टी बोलून होतात.

२ सप्टेंबर २०२५ हाही मंगळवारच होता. मी मशीन रिकामं करत होते, पण ती आत येईना. तळघरात फोनला रेंज नसते, म्हणून ती जिन्याच्या चौथ्या पायरीवरच थांबली होती, टोपली कडेवर आणि फोन हातात. मी वर गेले तेव्हा तिनं फोन माझ्यापुढे धरला. भावाला पाठवलेले व्हॉट्सॲप मेसेज, एकाखाली एक, सगळे अरबीत. मला त्यातलं अक्षरही वाचता येत नाही, पण प्रत्येक मेसेजच्या कोपऱ्यातली करडी टिक कळली. एकच. म्हणजे इथून निघाला, तिथे पोचला नाही. दोन टिका असलेला शेवटचा मेसेज गाठायला तिनं अंगठ्यानं बरंच वर सरकवलं. तो ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यातला होता.

तिचं माहेर पश्चिम सुदानच्या दारफुरमधलं, अल-फाशर शहरातलं. सुदानमध्ये १५ एप्रिल २०२३ ला सैन्य आणि आरएसएफ हे निमलष्करी दल यांच्यात युद्ध पेटलं. २०२४ च्या उन्हाळ्यापासून अल-फाशरला आरएसएफचा वेढा पडला. भाऊ बायकामुलांना घेऊन आधी शहराबाहेरच्या झमझम छावणीत गेला. एप्रिल २०२५ मध्ये त्या छावणीवरच हल्ला झाला आणि लाखो माणसं पुन्हा रस्त्यावर आली. त्यातली बरीचशी साठेक किलोमीटरवरच्या तविला गावाकडे चालत गेली. भाऊही तिथे पोचला, एवढं तिला कळलं होतं. तिथे मोबाइलचं नेटवर्क जवळजवळ नाहीच. कुणाकडे उपग्रहावरून इंटरनेट देणारी स्टारलिंकची थाळी असेल तर पैसे मोजून काही मिनिटं इंटरनेट वापरायचं, त्यात घरच्यांना खुशाली कळवायची. भाऊ म्हणाला होता, इथे कॉलरा पसरलाय, मुलांना घेऊन डोंगरात जायचा विचार आहे.

डोंगर म्हणजे दारफुरमधली जबल मर्रा ही डोंगररांग. आणि त्या सकाळची बातमी जबल मर्राचीच होती.

मी ती चहा करताना रेडिओवर ऐकली होती. खरं तर त्या दिवशी इतकं काही होतं की सुदानची पाळी बऱ्याच उशिरा आली. पहिली बातमी अफगाणिस्तानची. रविवारी मध्यरात्रीच्या सुमारास कुनार प्रांतात ६.० तीव्रतेचा भूकंप झाला होता आणि मंगळवारपर्यंत मृतांचा आकडा १,४०० च्या वर गेला होता. (पुढे तो २,२०० च्याही पुढे गेला.) मग गाझा. तिथल्या गाझा गव्हर्नरेटमध्ये, म्हणजे गाझा शहर आणि आसपासच्या भागात, उपासमारीचा दुष्काळ असल्याचं २२ ऑगस्टला अधिकृतपणे जाहीर झालं होतं. मग युक्रेन. आणि मग दोन-तीन वाक्यांत सुदान: जबल मर्रातलं तरासीन नावाचं गाव रविवारी दरडीखाली गाडलं गेलं. त्या भागावर ताबा असलेल्या बंडखोर गटाचं म्हणणं, हजारावर माणसं गेली, एकच वाचला. संयुक्त राष्ट्रांचे मदत अधिकारी मात्र तीनशेपासून हजारापर्यंत असा अंदाज देत होते. तीनशे की हजार, हे सांगायला तिथे कुणी पोचलेलंच नव्हतं. हेलिकॉप्टर नाही, धड रस्ता नाही, पावसाळ्यातल्या ओढ्यांतून खडकाळ वाटेनं जायचं.

शेजारणीनं विचारलं, "तुझ्या रेडिओनं गावाचं नाव सांगितलं का?" मी सांगितलं. तिनं मान हलवली. नाव तिलाही कळलं होतं. भाऊ तिथे होता की नाही, तेवढंच कळत नव्हतं.

आम्ही उभ्या होतो तिथून दोन हातांवर आमच्या इमारतीच्या निवाऱ्याचं दार आहे. वीतभर जाड काँक्रीटचं, मोठ्या लोखंडी कड्यांचं. युद्ध झालंच तर रहिवाशांना लपायला जागा हवी म्हणून १९६० च्या दशकापासून स्वित्झर्लंडनं कायद्यानं असे निवारे बांधून घेतले. आज या देशात लोकसंख्येला पुरून उरतील इतक्या जागा त्यांत आहेत. आमच्या निवाऱ्यात सायकली आणि रिकाम्या बॅगा ठेवलेल्या असतात. पण हवेची गाळणी आहे आणि ती तपासायला माणूस येतो. इतकी वर्षं मी ते दार रोज बघते, पण त्या सकाळी त्याच्या शेजारी उभं राहणं मला जड गेलं.

कारण त्याच वर्षी, २८ मे रोजी, इथून रेल्वेनं अडीच-तीन तासांवर डोंगर खाली आला होता. वाले परगण्यातलं ब्लाटेन गाव. वरच्या शिखराचा कडा सुटून बर्च हिमनदीवर दगडांचा ढीग साठत गेला आणि त्या ओझ्यानं हिमनदीच निखळून गावावर आली. गावाचा सुमारे नव्वद टक्के भाग गाडला गेला. घरं, चर्च, सगळं. गावची वस्ती तीनशेची आणि दगावला एक माणूस. कारण नऊ दिवस आधी, १९ मेला, गाव रिकामं केलं होतं. कडा किती सरकतोय हे उपकरणं मोजत होती, मोजणाऱ्यांनी सांगितलं, प्रशासनानं ऐकलं, बसायला वाहनं होती, जायला रस्ता होता. गाईगुरंसुद्धा हलवली. एक जखमी गाय हेलिकॉप्टरला टांगून नेली, तो फोटो तुम्हीही पाहिला असेल.

ब्लाटेनवर लोक इथे रडले आणि त्यांचं रडणं खरं होतं. पिढ्यान्‌पिढ्यांचं गाव दुपारच्या काही क्षणांत नाहीसं झालं. पण गावातली माणसं रडायला तरी उरली. तरासीनच्या डोंगरावरही त्या आठवड्यात जोरदार पाऊस कोसळत होता. तो डोंगर बघायला कुणी नव्हतं. बघणारं सरकार तिथे नव्हतं, आणि दोन सैन्यांच्या मारामारीतून वाचायला म्हणून माणसं तिथे जाऊन राहिली होती. म्हणून त्या बातमीला 'नैसर्गिक आपत्ती' म्हटलं की मला त्रास होतो. पाऊस निसर्गाचा, मान्य. पण ती माणसं त्या उतारावर युद्धानं नेऊन ठेवली होती.

तेव्हापासून बातम्या ऐकताना मी एक गोष्ट शोधायला लागले आहे: आधी काय बंद पडलं होतं? तीव्रता, वाऱ्याचा वेग, रुग्णांची संख्या यांवरून फार थोडं कळतं. ३० जुलै २०२५ ला रशियाच्या कामचात्कात ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला. कुनारच्या भूकंपापेक्षा त्यातून सुमारे सोळा हजार पट जास्त ऊर्जा बाहेर पडली. पॅसिफिकच्या काठाकाठानं त्सुनामीचे इशारे गेले, लाखो लोक उंचावर गेले आणि जीवितहानी जवळजवळ झाली नाही. कामचात्काचा धक्का समुद्राखालचा, कुनारचा थेट गावांखाली आणि उथळ, हा फरक आहेच. पण कुनारमध्ये दगडमातीच्या भिंती होत्या, लोक झोपेत होते, दरडींनी घाटरस्ते अडवले होते. शिवाय परदेशी मदत आटल्यामुळे अफगाणिस्तानभर ४०० हून अधिक दवाखाने त्याआधीच बंद झाले होते. ढिगाऱ्यातून बाहेर काढलेल्या माणसाला न्यायचं कुठे?

कॉलऱ्याचंही तेच. कॉलरा हा आज मरण्याचा आजार नाही. मीठ-साखरेचं पाणी वेळेवर आणि पुरेसं मिळालं, फार झालं तर सलाइन लावलं, तर शंभरात एकही रुग्ण दगावू नये. सुदानमध्ये वर्षभरात सुमारे एक लाख संशयित रुग्ण झाले आणि २,४०० च्या वर माणसं गेली. मे २०२५ मध्ये खार्टूममध्ये साथ एकाएकी भडकली, त्याआधी ड्रोन हल्ल्यांनी वीजकेंद्रं बंद पाडली होती. वीज गेली, पंप थांबले, जलशुद्धीकरण थांबलं, लोक नाईलचं पाणी प्यायला लागले. वर्तमानपत्रात यातली वीज 'युद्ध' या पानावर आली आणि जुलाब 'आरोग्य' या पानावर.

उलटही घडतं, आणि तेही सांगायलाच हवं. गाझात ऑगस्ट २०२४ मध्ये दहा महिन्यांच्या बाळाला पोलिओ झाला, पंचवीस वर्षांतला तिथला पहिला. युद्धाआधी तिथलं लसीकरण ९९ टक्क्यांवर होतं. सप्टेंबरमध्ये भागाभागानं काही तास गोळीबार थांबवायचं ठरलं आणि पहिल्या फेरीत साडेपाच लाखांहून जास्त मुलांना डोस मिळाले. त्यासाठी लशीच्या शीतपेट्या आल्या, घरोघर फिरणाऱ्या बाया आल्या, बोटाला शाई आली. लढाई थांबवता येते, हे त्या थेंबांनी दाखवलं. मग ती इतर वेळी का थांबत नाही, हा प्रश्न मला त्या दिवसापासून सोडत नाही.

कपडे वाळत घालून मी पंधरा नंबरच्या ट्रामनं नासिओं चौकात गेले. शेजारीणही आली, तिला रेड क्रॉसबद्दल विचारायचं होतं. चौकात तुटक्या पायाची बारा मीटर उंच लाकडी खुर्ची आहे, भूसुरुंगांनी पाय गमावलेल्यांसाठी १९९७ मध्ये उभारलेली. समोर संयुक्त राष्ट्रांचं आवार. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तिथे पत्रकारांना जगभरातल्या संकटांची माहिती देतात. संध्याकाळी तुम्ही तिकडे जे 'किमान इतके मृत, इतके विस्थापित' असं ऐकता, त्यातलं बरंचसं सकाळी याच इमारतीतून निघालेलं असतं. त्या उन्हाळ्यात या शहरातल्या मदत संस्थांमध्ये नोकऱ्या जात होत्या. जागतिक आरोग्य संघटनेनंही पुढच्या दोन वर्षांचं ठरवलेलं बजेट सुमारे एकवीस टक्क्यांनी कापून ४.२ अब्ज डॉलरवर आणलं होतं. मोजणारी माणसंच कमी होत चालली होती.

चढावर रेड क्रॉसचं संग्रहालय आहे. मी तिला आत घेऊन गेले, कारण तिथलं एक दालन मला तिला दाखवायचं होतं. पहिल्या महायुद्धात युद्धकैद्यांची माहिती ठेवायला जिनिव्हात कचेरी उघडली होती आणि स्वयंसेवकांनी, त्यांत बायका पुष्कळ, एकेका नावाचं एकेक कार्ड लिहिलं. लाखो कार्डं. ती कपाटं बघताना मला नेहमी कूत आठवतं. २९ एप्रिल १९१६ ला मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कूत-अल-अमाराला ब्रिटिशांच्या हिंदी सैन्याची जी सहावी पूना डिव्हिजन तुर्कांना शरण गेली, तिच्यात तीन मराठा पलटणी होत्या: १०३, ११० आणि ११७. त्यानंतर ती माणसं वाळवंटातून चालवत नेली, कितीतरी वाटेतच गेली. साताऱ्या-रत्नागिरीकडच्या घरांना काय कळलं असेल आणि कधी? तेव्हा व्हॉट्सॲप नव्हतं, तरी टिक एकच होती.

ती कार्डांपुढे बराच वेळ उभी राहिली. काही बोलली नाही. बाहेर आल्यावर म्हणाली, "मला फॉर्म भरायचाय."

हरवलेल्या नातेवाइकांचा शोध घ्यायचं ते काम रेड क्रॉस आजही करतं. त्या आठवड्यात शुक्रवारी आम्ही माझ्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर फॉर्म भरला. नाव, वडिलांचं नाव, आजोबांचं नाव. तिनं अरबीत सांगायचं, मी रोमन अक्षरांत लिहायचं, मग तिनं पुन्हा मोठ्यानं वाचून स्पेलिंग दुरुस्त करायचं. बायकोचं नाव, तीन मुलांची नावं, धाकट्याच्या कपाळावरचा व्रण. सगळ्यांच्या जन्मतारखा तिला तोंडपाठ होत्या.

मग 'शेवटचा माहीत असलेला पत्ता' हा रकाना आला. एका ओळीची जागा होती. पेन तिनं माझ्या हातातून घेतलं. अल-फाशरमधली गल्ली आणि घराची खूण लिहिली. त्याखाली झमझम. त्याखाली तविला. चौथं नाव लिहायला तिनं पेन टेकवलं, आणि तसंच धरून ठेवलं.