ब्रुनव्हालचा छापा: कड्यावरून किनाऱ्यापर्यंतची वाट

नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर, ल हाव्र बंदर आणि एत्रता यांच्या मध्ये, ब्रुनव्हाल नावाची एक लहानशी वाडी आहे. 27 फेब्रुवारी 1942 च्या रात्री ब्रिटिश छत्रीधारी सैनिकांची एक कंपनी इथल्या कड्यामागच्या शेतांत उतरली, जर्मनांच्या ‘वुर्झबुर्ग’ रडारचे महत्त्वाचे भाग तिने उचकटून काढले आणि ते समुद्रमार्गे इंग्लंडला नेले. ‘ऑपरेशन बायटिंग’ हे या मोहिमेचे सांकेतिक नाव. तिच्याविषयी पुष्कळ वाचून आम्ही फेब्रुवारीच्या अखेरीस तिथे गेलो. वाचताना सगळे लक्ष आकाशातून मारलेल्या उड्यांकडे जाते. प्रत्यक्ष जागेवर उभे राहिल्यावर कळते की उतरणे त्या मानाने सोपे होते आणि खरी कसोटी होती ती सामान घेऊन निसटण्याची. म्हणून पुढे जाणाऱ्यांना पहिला सल्ला असा, की गाडी थेट किनाऱ्यावर नेऊन स्मारक पाहून परतू नका. छापा ज्या क्रमाने घडला त्याच क्रमाने, वरून खाली चाला.

पॅरिसच्या सँ-लाझार स्थानकातून ल हाव्रला थेट रेल्वे आहे आणि प्रवास साधारण सव्वादोन तासांचा आहे. तिथून ब्रुनव्हाल सुमारे पंचवीस किलोमीटर. या भागात बस आहेत, परंतु हिवाळ्यात आणि विशेषतः रविवारी त्यांच्या फेऱ्या इतक्या विरळ असतात की परतीची वेळ आधी पाहून मगच जाण्याची बस ठरवावी. गाडी भाड्याने घेणे सर्वांत सोयीचे; भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय परवाना जवळ ठेवावा. मुक्काम ल हाव्रमध्ये करावा असे माझे मत आहे. एत्रता देखणे आहे खरे, पण महाग आहे आणि गर्दीचे आहे. ल हाव्र 1944 च्या बॉम्बफेकीत जवळजवळ जमीनदोस्त झाले आणि ओग्युस्त पेरे या वास्तुविशारदाच्या आराखड्यानुसार काँक्रीटमध्ये पुन्हा उभे राहिले. त्याचा मध्यभाग 2005 पासून युनेस्कोच्या वारसा यादीत आहे, त्यामुळे एखादी संध्याकाळ तिथेही चांगली जाते.

चालण्याची सुरुवात आम्ही कड्यावरून, आंतिफेरच्या दीपगृहाच्या बाजूने केली. इथून ‘जीआर 21’ ही किनाऱ्याची पायवाट दक्षिणेकडे ब्रुनव्हालला उतरते. खांबांवर आणि दगडांवर रंगवलेल्या लाल-पांढऱ्या पट्ट्या दिसत राहिल्या की वाट चुकत नाही. दोन्ही बाजूंना शेते आहेत, ती खाजगी आहेत, तेव्हा पायवाट सोडू नये. त्याहून महत्त्वाची सूचना कड्याच्या कडेविषयी आहे. हा खडूचा दगड ठिसूळ आहे, त्याच्या दरडी कसलीही चाहूल न देता कोसळतात, आणि वरून गवत सलग दिसत असले तरी खाली आधार असेलच असे नाही. छायाचित्रासाठी कडेशी जाण्याचा मोह आवरावा. वारा तर असा होता की छत्री उघडण्याचा प्रश्नच नव्हता. टोपीचे विंडचीटर आणि चांगली पकड असलेले बूट हवेतच.

रडार नेमके इथेच का होते, हे पठारावर उभे राहिले की विचारावे लागत नाही. समोर इंग्लिश खाडीचे पाणी आहे, आड येणारे काही नाही आणि इंग्लंडहून निघालेले विमान याच दिशेने येणार. इथे दोन यंत्रे होती. ‘फ्रेया’ दूरवरची विमाने टिपत असे, पण त्यांची उंची सांगत नसे. जवळच्या पल्ल्यात विमानाची दिशा, अंतर आणि उंची अचूक देणे हे ‘वुर्झबुर्ग’चे काम, त्याच्या आधारे विमानवेधी तोफा आणि रात्री उडणारी लढाऊ विमाने नेमकी लक्ष्यावर नेता येत. ब्रिटिश बॉम्बफेकी विमाने वाढत्या संख्येने पडत होती आणि हवाई दलाचे शास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स या दुसऱ्या यंत्राच्या मागावर होते. उंचावरून घेतलेल्या छायाचित्रात कड्यावरच्या एका एकाकी घराकडे जाणारी पायवाट आणि तिच्या टोकाशी एक ठिपका त्यांच्या सहकाऱ्याला दिसला. त्या ठिपक्याची खातरजमा करण्यासाठी डिसेंबर 1941 मध्ये टोनी हिल या वैमानिकाने आपले स्पिटफायर कड्यालगत अगदी खालून नेले आणि तिरके छायाचित्र घेतले. खोलगट तबकडीचा विजेचा हीटर असतो तसे काहीतरी दिसले, असे त्याने परतल्यावर सांगितले. ती तबकडी सुमारे तीन मीटर व्यासाची होती.

आता तिथे ते घर नाही आणि रडारही नाही. गवत, शेत, मधूनमधून युद्धकालीन काँक्रीटचे अवशेष, बस. पाहण्यासारखे काही ‘ठेवलेले’ असेल या अपेक्षेने जाणाऱ्याची निराशा होईल; माझी झाली नाही, कारण जमिनीचा चढउतार तोच आहे आणि या छाप्यात सगळे काही त्या चढउतारावरच ठरले.

किनाऱ्यावरून चढून हल्ला करण्याचा विचार सोडून द्यावा लागला, कारण खालच्या बाजूचा बंदोबस्त कडक होता आणि चढून येईपर्यंत जर्मनांना यंत्र नष्ट करायला भरपूर वेळ मिळाला असता. म्हणून मागच्या बाजूने, आकाशातून उतरायचे ठरले. मेजर जॉन फ्रॉस्ट यांच्या नेतृत्वाखाली दुसऱ्या पॅराशूट बटालियनची सी कंपनी, म्हणजे 120 जण, हवाई दलाच्या पर्सी पिकर्ड यांच्या बारा व्हिटली विमानांतून इंग्लंडमधल्या थ्रक्स्टनच्या धावपट्टीवरून निघाली. चंद्रप्रकाश हवा होता आणि होड्या वाळूत रुतू नयेत म्हणून भरती चढती हवी होती. हा योग महिन्यातून मोजक्याच रात्री येतो, आणि त्यांतल्या पहिल्या रात्री खराब हवामानाने वाया घालवल्या होत्या. जमिनीवर पातळ बर्फ होते. फ्रॉस्ट आणि त्यांच्या माणसांनी फ्रान्सच्या भूमीवर पाय टेकताच सर्वप्रथम लघुशंका उरकली, कारण निघण्यापूर्वी सर्वांनी भरपूर चहा घेतला होता. इतक्या थंडीत त्याच कड्यावर तास-दीड तास काढल्यावर हा तपशील मला अजिबात हास्यास्पद वाटला नाही.

घर आणि रडार ताब्यात घेण्यास फार वेळ लागला नाही. त्यानंतरचे काम मात्र निवांत करण्याचे होते आणि निवांतपणा नव्हता. लेफ्टनंट डेनिस व्हर्नन यांचे सॅपर, म्हणजे लष्करी अभियंते, आणि हवाई दलातील फ्लाइट सार्जंट कॉक्स यांच्यावर ते सोपवलेले होते. कॉक्स पूर्वी सिनेमागृहात प्रोजेक्टर चालवत. आता रडार दुरुस्तीतले जाणकार म्हणून ते स्वेच्छेने आले होते. उत्तरेकडील झाडीने वेढलेल्या आवारातून जर्मनांचा गोळीबार सुरू झाला होता, छायाचित्रासाठी उडवलेल्या फ्लॅशने तो आणखी वाढला, आणि अर्ध्या तासाचे काम दहा मिनिटांत उरकावे लागले. तबकडीच्या मधला अँटेनाचा भाग करवतीने कापला, प्रेषक आणि ग्राहक यंत्रांचे भाग पहारीने उचकटून काढले आणि हातगाड्यांवर घातले. एक रडारचालकही कैद झाला. बनावट ब्रिटिश नाव घेतलेला जर्मन भाषक ‘प्रायव्हेट न्यूमन’ कैद्यांना प्रश्न विचारण्यासाठीच सोबत होता.

इथून पुढची वाट सावकाश उतरावी. कड्याचा माथा संपतो आणि जमीन एकदम घळीत कोसळते. समुद्रापर्यंत जाण्याची हीच एक फट, बाकी दोन्ही बाजूंना सरळ तुटलेले कडे. आमच्या पाठीवर पाण्याची बाटली आणि जेवणाचा डबा एवढेच ओझे होते, तरी ओल्या गवतावर गुडघ्यांना ते जाणवले. त्या रात्री इथे बर्फ होते, गाड्यांवर लोखंडी यंत्रे होती आणि पलीकडच्या उतारावरून मशीनगन चालत होती. किनारा ज्या गटाने आधीच मोकळा करून ठेवायचा, त्यातले निम्मे सैनिक लेफ्टनंट चार्टरिस यांच्यासह तीनेक किलोमीटर अलीकडे, भलत्याच घळीत उतरले होते. ते अंधारातून धावत, वाटेत झुंजत पोहोचले आणि त्यानंतर किनारा हाती आला. घळीच्या मध्यावर थांबून मागे-पुढे पाहावे. वरचे सैनिक आणि खालचा किनारा यांच्यामध्ये एका मशीनगनने किती वेळ काढला असेल, हे नकाशावर दिसत नाही, इथे दिसते.

किनारा गोट्यांचा आहे. पाय घसरतात आणि आवाज होतो. तटबंदी असूनही हा किनारा सुरुंगमुक्त होता, ही माहिती फ्रेंच प्रतिकार चळवळीतील रोजे द्युमाँ आणि ल हाव्रचे गॅरेजमालक शार्ल शोव्हो यांनी मिळवली होती. पॅरिसच्या पाहुण्याला समुद्र पाहायचा आहे, अशी थाप मारून त्यांनी चक्क जर्मन पहारेकऱ्याच्या सोबतीने इथे फेरफटका मारला. द्युमाँ पुढे पकडले गेले आणि 1943 मध्ये त्यांना गोळ्या घातल्या गेल्या. छाप्याच्या कोणत्याही वर्णनात या दोघांना दोन ओळींहून अधिक जागा मिळायला हवी, असे मला वाटते.

किनारा हाती आला, पण होड्या आल्या नाहीत. बिनतारी यंत्रांनी दगा दिला होता आणि जर्मन नौका जवळून जात असल्याने आरमाराला थांबून राहावे लागले होते. अखेर रंगीत प्रकाशबाणांचे इशारे दिल्यावर ठरल्याप्रमाणे दोन-दोन न येता सगळ्या होड्या एकदमच आल्या. डॉन प्रीस्ट हे रडारतज्ज्ञ नौदलासोबत होते. त्यांना ठाऊक असलेली गुपिते शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून त्यांना कड्यावर पाठवलेले नव्हते. दोन सैनिक ठार झाले, सहा मागे राहून कैद झाले.

स्मारक किनाऱ्याच्या वर, उतारावर आहे. 30 मार्च 1947 रोजी फ्रान्सचे युद्धकालीन नेते द गॉल यांनी इथे मोठ्या जनसमुदायासमोर भाषण केले आणि थोड्याच दिवसांत स्वतःच्या राजकीय संघटनेची घोषणा केली, त्यामुळे फ्रेंचांना ब्रुनव्हाल हे नाव दोन कारणांनी परिचित आहे. आपल्याला ओळखीचे नाव लॉर्ड माउंटबॅटन यांचे: ज्या ‘कंबाइन्ड ऑपरेशन्स’ (तिन्ही दलांच्या संयुक्त मोहिमा) मुख्यालयाने हा छापा आखला त्याचे ते प्रमुख होते. स्मारक उघड्यावर असून तिकीट नाही. फलक निवांत वाचावेत, पण त्यासाठी आधी वरचा भाग चालून झालेला असावा.

भरतीची वेळ आदल्या दिवशीच पाहून ठेवावी आणि किनाऱ्याने कड्याखालून एत्रताकडे चालत जाण्याचा विचार मनातही आणू नये. वरून दरड आणि समोरून पाणी, असे दोन्हीकडून अडकायला होते. हिवाळ्यात वाडीत काही खायला मिळेल या भरवशावर राहू नये. शाकाहारी मंडळींनी ल हाव्रमधून पाव, चीज आणि फळे घेऊन निघावे. वर गाडी ठेवली असेल तर परतीचा चढ हिशेबात धरावा. फेब्रुवारीत दिवस लहान असतो.

आणलेल्या भागांवरून इंग्लंडमध्ये यंत्राची कार्यपद्धती आणि मर्यादा कळल्या. पुढे जुलै 1943 मध्ये हँबर्गवरील हल्ल्यात धातूचा मुलामा दिलेल्या कागदी पट्ट्यांचा पाऊस पाडून वुर्झबुर्गला आंधळे करण्यात आले, तेव्हा पट्ट्यांची लांबी त्याच्या सुमारे 53 सेंटिमीटरच्या तरंगलांबीवरून ठरलेली होती. जर्मनांनी छाप्यानंतर आपल्या रडारभोवती काटेरी तारेची कुंपणे घातली आणि त्यामुळे ती हवाई छायाचित्रांत आणखीच ठळक दिसू लागली.

ब्रुनव्हालला रडार पाहायला मिळत नाही, ही रुखरुख ज्यांना लागेल त्यांनी सेन नदी ओलांडून काँ शहराजवळच्या दूव्ह्र-ला-देलिव्ह्रांद इथल्या रडार संग्रहालयात जावे. तिथे याच कुळातले मोठे ‘वुर्झबुर्ग रीझे’ उभे आहे. त्याची तबकडी सुमारे साडेसात मीटर व्यासाची आहे, म्हणजे ब्रुनव्हालच्या यंत्राच्या अडीचपट. हे ठाणे नॉर्मंडीतील लँडिंगनंतरही जर्मनांनी 17 जून 1944 पर्यंत लढवले होते. संग्रहालय हंगामी असल्याने हिवाळ्यात जाणाऱ्यांनी ते उघडे आहे का, हे आधी विचारून घ्यावे, आणि उन्हाळ्यात जाणार असाल तर दोन्ही ठिकाणे वेगवेगळ्या दिवशी ठेवावीत, कारण पॉन द नॉर्मंडी पुलावरून गेले तरी मधले अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास भरते.