कोपराला गूळ

परवा दुपारी लोळत मोबाइल बघत होतो. कूस बदलताना लक्षात आलं, डाव्या हाताची करंगळी जागेवर आहे पण आपली राहिलेली नाही. अनामिकेची तर आणखीच मजा. करंगळीकडची अर्धी बाजू बधिर, मधल्या बोटाकडची अर्धी ठणठणीत. भास असेल म्हणून नखाने आडवी रेघ ओढत गेलो, तर मधोमध हद्द लागली. एवढ्याशा बोटात भावकीने बांध घालून ठेवला होता!

हाडांच्या डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांना काहीच नवल वाटलं नाही, याचाच मला थोडा राग आला. अनामिका अशीच दोन नसांत वाटलेली असते म्हणे, अर्धी अल्नर नावाच्या नसेची, अर्धी मीडियन नावाच्या. मग त्यांनी कोपराच्या आतल्या अंगाला, हाडामागच्या खोबणीत टिचकी मारली आणि मी 'आई गं' करून उठून बसलो.

तीच ती! शाळेत बाकाच्या कडेवर कोपर आपटलं की सणकन करंगळीपर्यंत जायचा तो करंट. शेजारी बसणारा मित्र शुद्धलेखनाच्या तासाला मुद्दाम ढोसायचा. हातातलं पेन गळून पडायचं, रडू आणि हसू एकदमच यायचं, आणि सरांना वाटायचं मी नाटक करतोय. वर्गाबाहेर सुटायचा उपाय एकच, त्याच करंगळीचा. ती उभी करून केविलवाणं तोंड करायचं.

इंग्रजीत त्या जागेला फनी बोन म्हणतात, पण हाडाचा यात काडीचा दोष नाही. अल्नर नस मानेतून निघते, दंडाच्या आतल्या बाजूने येते आणि नेमकी कोपरापाशी उघडी पडते. खाली हाड, वर नुसती कातडी. कोपर दुमडलं की ती ताणली जाते. फार वेळ दुमडून ठेवलं की रुसते. पुढे मनगटातून पंजात शिरली की तिथले बहुतेक बारीक स्नायू हीच हलवते. बोटं फाकवणं, जुळवणं, चिमूट घट्ट धरणं, सगळं हिच्या जिवावर. आणि आपण आयुष्यभर कौतुक करतो अंगठ्याचं.

डॉक्टरांनी अंगठा आणि तर्जनीच्या मध्ये कागद धरायला दिला आणि ओढायला लागले. नस दुबळी झाली असेल तर अंगठा सरळ राहत नाही, पेरात वाकून लबाडी करतो. फ्रोमाँ नावाच्या फ्रेंच डॉक्टरने १९१५ साली, महायुद्ध चालू असताना, ही खूण नोंदवली. माझा अंगठा ताठ राहिला. पास! औषध काय, तर रात्री कोपराला टॉवेल गुंडाळून झोपायचं, म्हणजे हात दुमडत नाही. कोपराला गूळ लावतात हे ऐकून होतो. टॉवेल लावल्यावर घरात काय हशा पिकला ते सांगत नाही.

निघताना डॉक्टरांनी पुन्हा दोन्ही कोपरांमागे बोट फिरवलं. नस बोटाखाली लोळवून पाहिली. "जाड नाही ना, बघतो," ते म्हणाले. "कुष्ठरोगाच्या तपासणीत काम केलंय, सवय राहिली." त्या जंतूला अंगातल्या थंड जागा आवडतात. कोपरामागे ही नस कातडीच्या इतकी जवळ, म्हणून तो तिथे बसतो. नस दोरीसारखी जाड होते. मग करंगळी आणि अनामिका आत वळतात, गरम कपाचा चटका कळेनासा होतो. वेळेत गोळ्या घेतल्या तर हे टळतं. सरकारी दवाखान्यात त्या फुकट मिळतात, आणि सुरू झाल्या की दुसऱ्याला लागण होण्याची भीतीही उरत नाही.

आमच्या गावच्या देवळाच्या पायरीवर एक आजोबा बसायचे. बोटं तळव्यात वळलेली, दोन्ही तळव्यांत धरलेला जर्मनचा वाडगा. वडिलांनी माझ्या हातात दहा पैसे दिले होते. मी ते लांबून, वरून सोडले. नेम चुकला, नाणं पायरीवर पडलं. आजोबा ते उचलू लागले. अंगठा वाकत होता, नाणं चिमटीत येत नव्हतं. पुन्हा, पुन्हा. मी दोन पायऱ्या वर उभा होतो, माझी दहाही बोटं खिशात.