फाटे

"फाटे फोडू नकोस" हे वाक्य दिवसातून एकदा तरी माझ्या वाट्याला येतं. पूर्वी बाबा म्हणायचे, आता नवरा म्हणतो. मुलगी म्हणत नाही, नुसती भुवई उचलते. गॅस संपलाय एवढं सांगायला मी सुरुवात करते आणि सांगून होईस्तोवर मामेबहिणीच्या वास्तुशांतीपर्यंत पोचलेली असते. त्यामुळे मागच्या चैत्रात पार्लरमधल्या ताईने माझ्या वेणीचं टोक ट्यूबलाइटच्या उजेडात धरलं आणि "अहो मॅडम, किती फाटे फुटलेत बघा" म्हणाली, तेव्हा क्षणभर वाटलं, हिच्यापर्यंतही गेलं का हे?

चष्मा लावून पाहिलं. एका केसाचे दोन, एका दोनाचे तीन. काही केसांची टोकं तर झाडूच्या काडीसारखी पिंजारलेली. एसटीचा कंडक्टर रात्री झोपेतल्या गाडीत "फाटा, फाटा!" ओरडतो ना, तशी वेणीच्या टोकाला सगळी फाट्यांचीच वस्ती. ताई म्हणाली, हा फाटा तिथेच थांबत नाही, वर वर चिरत जातो. हे खरं आहे, मी नंतर एका केसावर पाहिलं. मग ती म्हणाली, "आपण रिपेअर करून टाकू." आणि एक दरपत्रक माझ्या मांडीवर ठेवलं.

रिपेअर या शब्दावर मी दोनदा फसले आहे, म्हणून जरा सावध झाले. पण आधी केस बिघडले कसे, ते सांगायला हवं. (हा पहिला फाटा.)

दोन वर्षांपूर्वी भाच्याचं लग्न होतं. माझे केस जन्मजात अर्धवट कुरळे, म्हणजे कुरळ्यांत कुणी घेत नाही आणि सरळांत उभं करत नाही. लग्नात तरी नीट दिसावं म्हणून मी दुसऱ्याच एका पार्लरमध्ये जाऊन ते सरळ करून घेतले. चार तास लागले आणि महिन्याच्या किराण्याएवढे पैसे. पहिल्या क्रीमला कुजक्या अंड्यासारखा वास होता. तो का येतो ते नंतर कळलं. केस म्हणजे केराटिन नावाचं प्रथिन, आणि त्याच्या साखळ्या गंधकाच्या बंधांनी एकमेकींना बांधलेल्या असतात. केस सरळ की कुरळा, हे पुष्कळसं त्या बंधांवर ठरतं. पहिलं क्रीम ते बंध तोडतं, मग तापलेली इस्त्री फिरवून केस ओढून सरळ करतात, आणि दुसऱ्या द्रावणाने तुटलेले बंध नव्या जागी जोडतात. जोडतात म्हणजे जेवढे जुळतील तेवढे. सगळे जुळत नाहीत. घर बदलताना सामान खोलून पुन्हा जोडलं की दोन-चार स्क्रू हातात उरतात, तसंच.

पुढचे तीन दिवस केसांना पाणी नाही, पिन नाही, रबर नाही, कानामागेसुद्धा घ्यायचे नाहीत. हळदीच्या दिवशी मी मान न वळवता, अख्खं अंग वळवून लोकांशी बोलत होते. फोटोंत मात्र केस अगदी इस्त्रीचे आलेत. मी ओळखू येत नाही, मुलीकडच्या कुणी वकीलबाई वाटते.

सहा महिन्यांत वरून जुने वळणाचे केस उगवायला लागले आणि खाली ते सरळ, निर्जीव दोरे. निर्जीव हा शब्द मी तक्रार म्हणून वापरत होते. त्वचेच्या डॉक्टरांनी तो शांतपणे दुरुस्त केला. म्हणाले, "केस निर्जीवच असतो. जिवंत असतं ते त्याचं मूळ, त्वचेच्या आत. बाहेर आलेला केस नखासारखा. जखम भरून यायला पेशी जिवंत लागतात. त्या इथे आहेत कुठे?"

एवढं साधं होतं होय! गुडघा फुटला की खपली धरते, हाड मोडलं की सांधतं, फांदी तोडली की बाजूला कोंब येतो. केस मात्र एकदा चिरला की चिरलाच. ना त्याला दुखतं, ना तो बरा होतो.

मग बाटल्यांवर लिहिलेलं रिपेअर म्हणजे काय? मला विचाराल तर कल्हई. आमच्या लहानपणी मिरजेला आजीच्या वाड्यासमोर कल्हईवाला बसायचा. जमिनीत खड्डा, त्यात कोळसे, शेजारी भाता. पातेलं तापलं की चिमूटभर नवसागर टाकायचा, पांढरा धूर उठायचा, मग कथलाचा तुकडा टेकवून कापसाच्या बोळ्याने एकच हात असा फिरवायचा की काळंकुट्ट पातेलं चांदीचं व्हायचं. आम्ही मुलं आ वासून बघत असू. पातेलं नवं झालेलं नसायचं. पोचे तिथेच असायचे, आणि काही महिन्यांनी आंबट वरण कळकलं की पुन्हा कल्हईवाल्याची वाट.

कंडिशनरही असाच. केसाच्या बाहेरच्या अंगाला कौलांसारखे खवले असतात, एकावर एक टेकलेले, तोंड टोकाकडे. खराब केसात ही कौलं उचकटतात, काही गळतात, आणि त्या जागी ऋण विद्युतभार वाढतो. कंडिशनरमधले कण धन भाराचे. ते बरोबर तिथेच जाऊन चिकटतात, जिथे मोडतोड जास्त तिथे जास्त. ही गोष्ट मला फार आवडली. जगात सहसा उलटं असतं. वरून सिलिकॉनचा हात फिरतो, कौलं दबतात, केस चमकतो, फणी सुळकन खाली येते. दोन-तीन न्हाण्यांत कल्हई उतरते. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही, कल्हईवाल्यानेही कधी आम्हाला फसवलं नव्हतं. पण तो पातेलं 'रिपेअर' केलं म्हणत नसे.

घरगुती उपायांचीही हौस फिटली आहे. पिकलं केळं कुस्करून लावलं, तर ते केसांतून निघायला तीन दिवस लागले आणि ऑफिसात शेजारचा मुलगा "कुणी शिकरण आणलंय का" विचारत राहिला. अंडं लावलं ते घरच्यांपासून लपवून. डोक्यावर गरम पाणी घेतलं आणि अंडं जागच्या जागी शिजलं. अंड्यातलं प्रथिन केसात शिरून केस मजबूत होतो म्हणतात. त्याचे रेणू केसात शिरण्याच्या मानाने फार मोठे असतात, हे ते ऑम्लेट फणीने काढताना मी वाचत होते.

या सगळ्यात आजीची आठवण येणं साहजिकच होतं. सत्तरीतही तिची वेणी कमरेखाली. तिच्या आयुष्यात केसांवर खर्च एकच, खोबरेल तेल. न्हायच्या आदल्या रात्री ती आम्हा मुलींना ओळीने बसवून तेल चोपडायची. थंडीत तेल गोठायचं, कारण पंचविसाच्या खाली पारा गेला की खोबरेल थिजतंच. मग बाटली उन्हात ठेवायची, किंवा विणायच्या सुईने तेल खरवडून काढायचं. वास डोक्यात बसायचा, उशीला लागायचा, शाळेत मुली चिडवायच्या. मोठी झाल्यावर मी तेल टाकून दिलं ते या रागापोटी.

आता गंमत बघा. 2003 साली मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या दोघा संशोधकांनी तीन तेलं तपासली. खनिज तेल, सूर्यफुलाचं आणि खोबरेल. न्हाण्याआधी लावलं किंवा नंतर लावलं, केस धडका असो की खराब, केसातून निघून जाणारं प्रथिन ठळकपणे कमी केलं ते एकट्या खोबरेलानेच. कारण त्यातलं लॉरिक आम्ल. त्याचा रेणू लहान, सरळ, प्रथिनाशी जमवून घेणारा, त्यामुळे तो केसाच्या आत शिरतो. बाकीची दोन तेलं बाहेर अंगणात बसून राहतात. खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या प्रयोगात खोबरेल पहिलं यावं, यावर कुणीही हसेल, मीही हसले. पण ते तेल केसाच्या आत जातं हे पुढे इतरांनीही पाहिलं. म्हणजे आदल्या रात्रीचं ते चोपडणं अगदीच वेडेपणा नव्हता. केस ओला झाला की फुगतो, वाळला की आकसतो, आणि या फुगण्या-आकसण्यात कौलं उचकटतात. आत तेल असलं की पाणी कमी शिरतं.

शिकेकाईचंही तसंच. आजीच्या विहिरीचं पाणी एवढं जड की त्यात डाळ शिजायची नाही. अशा पाण्यात साबणाला फेस येत नाही, उलट त्याचा चोथा होऊन केसांना बसतो. शिकेकाई-रिठ्याच्या फेसाला जड पाण्याशी असं वैर नाही. रात्री शिकेकाई, रिठे, आवळकाठी, थोडा नागरमोथा भिजत पडायचं, सकाळी बंबाशेजारी उकळायचं. डोळ्यांत गेलं की जो काही जाळ व्हायचा! आता आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी येतं, डाळ त्यातही शिजत नाही, म्हणून मी रविवारी पुन्हा शिकेकाई उकळायला लागले आहे. मुलगी दार लावून घेते.

पण आजीचं सगळंच बरोबर होतं असं म्हणून मी गळा काढणार नाही. न्हाऊन झालं की ती पंचाचा पीळ करून ओल्या केसांवर फटाफट मारायची. पाणी झडायचं खरं, पण ओला केस सगळ्यात नाजूक. त्याच अवस्थेत तो ताणला जातो आणि तुटतो. लगेच फणीही घालायची, "गुंता वाळायच्या आत काढावा" म्हणून, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी. धूपही द्यायची, टोपलीखाली निखारे ठेवून. मला मात्र तो धुराचा वास शाम्पूपेक्षा आवडायचा. निदान तिच्याकडे विजेची इस्त्री नव्हती. ओल्या केसावर ती टेकवली तर आतल्या पाण्याची वाफ होते आणि केसाच्या पोटात बुडबुडे उठतात. पापड भाजताना फोड येतात तसे. सूक्ष्मदर्शकातला तसा फोटो पाहिला आणि आमच्या घरातली इस्त्री माळ्यावर गेली.

हिशेब करून पाहिला. केस महिन्याला साधारण एक-सव्वा सेंटीमीटर वाढतो. माझी वेणी सोडली तर साठ सेंटीमीटर, म्हणजे टोकाचा केस चार-पाच वर्षांचा. तो डोक्यातून बाहेर आला तेव्हा मुलगी सातवीत होती आणि रोज सकाळी वेणी घालून घ्यायला माझ्यासमोर बसायची. त्यानंतर चारशेवर न्हाणी, एक लग्न, दोन उन्हाळ्यांतल्या स्कूटरच्या खेपा, एक अंडं आणि एक केळं या बापड्याने सोसलं. आणि मी त्याच्याकडून नव्यासारखं चमकायची अपेक्षा करत होते. मी स्वतः तरी चमकते का?

पार्लरमध्ये परत गेले आणि म्हटलं, रिपेअर नको, काप. चार बोटं कापलीस तरी चालेल. तिने सहा कापली. या बाबतीत सगळ्या पार्लरवाल्यांची बोटं जाड असतात. फरशीवर पडलेले केस तिने सुपलीत भरले तेव्हा मी, का कोण जाणे, "मला द्या" म्हणाले. ती चमकली, पण तिने पिशवीत घालून दिले. वर्षभराची गुंतवळही घरी साठवलेली होतीच. ती सवय आजीची.

दिवाळीत मिरजेला आत्याकडे गेले तेव्हा पिशवी बरोबर घेतली. तिकडे अजून केसांवर भांडी देणारी बाई येते. डोक्यावर पाटी, पाटीत गाळण्या, वाट्या, फुगे, पिना. ही गुंतवळ गोळा होत होत कुठे कुठे जाते. कर्नाटकात कोप्पळजवळ भाग्यनगरला तर गुंता सोडवून, धुऊन, लांबीप्रमाणे लावून केस परदेशी पाठवणारे कारखानेच आहेत. कोनाड्यातली आत्याची गुंतवळ बाहेर आली. पांढरे-काळे केस, तेलाचा वास. बाईने हातात घेऊन वजन केल्यासारखं केलं आणि मान हलवली. मग माझी पिशवी उघडली. कापलेली टोकं तिने बघितलीसुद्धा नाहीत, वीतभर तरी हवेत म्हणाली. गुंतवळीतला एक केस ओढून काढला, दोन्ही चिमटींत धरून ताणला. टक्.

"पार्लरचं हाय?"

"दोन वर्षं झाली," मी म्हटलं.

"र्‍हाऊ द्या मग."

ती पाटी उचलायला वाकली तेवढ्यात आत्या माझ्या कानाशी लागली. "अगं, माझ्यात मिसळून दे की. तिला काय कळतंय?"

तिला कळलं. आत्याला चहाची गाळणी मिळाली, आणि मला एक सेफ्टी पिन. तीही, बाई म्हणाली, आत्याकडे बघून.