उरलेलं उद्या

गोष्ट एका बैठकीत सांगून मोकळं होणाऱ्या माणसांचं मला नवल वाटतं. एवढी घाई कसली असते? आमच्या सोलापुरात नळाचं पाणीसुद्धा रोजच्या रोज येत नाही. पाण्याच्या दिवसाची वाट बघण्यात घरात काय चैतन्य असतं ते बाहेरच्याला कळायचं नाही. गोष्टीनं निदान तेवढी तरी वाट बघायला लावावी.

गोष्ट हप्त्याहप्त्यानं सांगायचा हा नाद मला लागला तो शहराच्या पूर्व भागात, साखर पेठेत. दुपारी शेजारच्या अक्का उंबऱ्यात विड्या वळायला बसायच्या. मांडीवर सूप, सुपात भिजवून मऊ केलेली तेंदूची पानं, एका कोपऱ्यात तंबाखू. पत्र्याचा फर्मा पानावर दाबायचा, कात्री फिरवायची, चिमूटभर तंबाखू पसरायची, पान गुंडाळायचं, टोक नखानं आत दुमडायचं आणि दोऱ्याचे वेढे द्यायचे. नजर भलतीकडेच. हजार विड्या भरेपर्यंत हात अडकलेले, कान मात्र मोकळे. असे श्रोते मिळायला नशीब लागतं. घरात त्या तेलुगू बोलायच्या, माझ्याशी सोलापुरी मराठी. मी दप्तर टाकतोय तोवर हाक यायची, “काय बे, ते पोरगं घावलं का न्हाई?”

ते पोरगं माझ्या गोष्टीतलं. सिद्धेश्वराच्या गड्ड्यात, म्हणजे आमच्या जत्रेत, आईचा हात सुटून हरवलेलं. संक्रांतीच्या दिवसांत होम मैदानावर जेवढी माणसं जमतात, त्यांत एक पोरगं हरवायला काहीच अवघड नाही. अवघड होतं ते त्याला हरवलेलं ठेवणं. कारण अक्कांनी त्याचा शोध स्वतःच सुरू केला होता. एकीचं म्हणणं, ते मौत का कुवाच्या तंबूमागं असणार, तिथं पोरं थांबतातच. दुसरी म्हणाली, भुकेजलं असेल, भज्यांच्या गाड्यापाशी बघ. तिसरी कारखान्यात विड्या द्यायला गेली आणि तिथल्या रांगेत आख्खी गोष्ट सांगून आली. दुसऱ्या दिवशी मला न विचारता पोराच्या आईला माहेर मिळालं होतं, अक्कलकोटचं. मी ते निमूट ठेवून घेतलं. चांगलंच होतं.

पुढं कधीतरी वाचनात आलं की क्युबात चिरूट वळणाऱ्या कारखान्यांमध्ये 1865 पासून वाचक नेमायची पद्धत पडली. कामगार हातानं पान वळायचे आणि तो उंच जागी बसून वर्तमानपत्र, कादंबऱ्या मोठ्यानं वाचायचा. त्याचा पगारही कामगारच वर्गणी काढून द्यायचे. मला पगार नव्हता. शेंगा मिळायच्या, कधी कडक भाकरीचा तुकडा आणि चटणी. तक्रार नाही.

तसं आपल्याकडं हे काही नवं नाही. आमच्या जिल्ह्यातल्या नाझऱ्याच्या श्रीधरस्वामींनी ‘हरिविजय’ 36 अध्यायांत सांगितला, ‘पांडवप्रताप’ 64 अध्यायांत. चातुर्मासात रोज थोडी थोडी पोथी लावली की श्रावण-भादवा कसा सरला ते म्हाताऱ्यांना समजत नसे. पांडवांचं पुढं काय होणार हे ऐकणाऱ्या प्रत्येकीला पाठ असायचं, तरी द्यूताच्या अध्यायाला ओटीवर जागा मिळत नसे. म्हणजे पुढं काय होणार हे कळलं की गोष्टीतली गंमत गेली, असं जे म्हणतात, ते फारसं खरं नसावं. हरिभाऊ आपट्यांनी 1890 साली ‘करमणूक’ साप्ताहिक काढलं आणि वाचकांना कादंबरीसाठी आठवडा आठवडा ताटकळत ठेवलं. त्यांच्या काही कादंबऱ्या अपुऱ्याच राहिल्या. त्या वाचकांचं काय झालं असेल, याची मला अधूनमधून उगाच काळजी वाटते.

थांबायचं कुठं, हीच यातली खरी करामत. टीव्हीवरच्या मालिका दारात कोणीतरी उभं करतात, तीन वेळा तोच चेहरा दाखवतात आणि ढॅण करून संपतात. मला हे फसवणुकीसारखं वाटतं, कारण दुसऱ्या दिवशी दारात दूधवालाच निघतो. ऐकणाऱ्याला रात्रभर पुरेल असं बारीकसं काहीतरी सोडावं. पोरगं विहिरीत पडलं इथं थांबण्यापेक्षा, पोराच्या पायात आता एकच चप्पल होती, इथं थांबावं. एका चपलेवर अक्कांनी तीन दिवस काढले होते. ती पायात अडकलेली उजवी की डावी, यावरून भांडणसुद्धा झालं.

त्यातल्या बऱ्याच जणी पुढं कुंभारीच्या विडी घरकुलात राहायला गेल्या. मी नोकरीला लागलो, केस पिकले, पण हप्त्यानं सांगायची खोड काही सुटली नाही. उन्हाळ्यात माळवदावर अंथरुणं पडली की भाच्यांना सांगायचो, आता त्यांच्या पोरांना मोबाईलवर सांगतो. रोज जेवणं झाली की पाच मिनिटं बोलून ठेवायचं आणि धाडून द्यायचं. पलीकडून उत्तरं येतात. पुण्याच्या नातीला सगळं लगेच हवं असतं. “आजोबा, सगळे भाग एकदम पाठवा ना, मी रविवारी ऐकते,” असं तिनं सुचवून पाहिलं. मी साफ नाही म्हटलं.

हैदराबादचा तिचा मावसभाऊ जास्त हुशार निघाला. त्यानं माझी थांबण्याची युक्ती ओळखली आहे. माझा आवाज जरा हळू झाला की आता हे थांबणार, हे त्याला कळतं म्हणे. परवा त्यानं स्वतःच पुढचा भाग सांगून धाडला. त्यात माझ्या गोष्टीतला रखवालदार एकदम चोर निघाला होता, आणि शेवटी त्यानं आवाज हळू करून म्हटलं होतं, “पुढचं तुम्ही सांगा. पण उद्या.”

दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत मी त्याला दोनदा फोन लावला. पोरगा शाळेत होता.