तुम्ही विचारलंत म्हणून: घरची लागर निवळत का नाही?

तुर्भ्याच्या एमआयडीसीत एका छोट्या ब्रुअरीत मी ब्रुअर आहे. ठाण्यात आमच्या सोसायटीत हे कळलं तेव्हापासून कुणाचा भाचा जर्मनीतून, कुणाची मुलगी न्यू जर्सीहून मला पेल्याचे फोटो पाठवते. आत घरी केलेली पिवळी, धुरकट लागर, म्हणजे थंडीत मुरवलेली बिअर. प्रश्न एकच: ‘काका, चव छान जमलीय, पण निवळत का नाही?’

इथल्यांना आधीच सांगून ठेवतो. महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, 1949 प्रमाणे आपल्याकडे परवान्याशिवाय बिअर करता येत नाही, घरच्यापुरतीही नाही. अमेरिकेत 1978 च्या कायद्याने ती मुभा मिळाली. तेव्हा पुढचं सगळं तिकडच्या मंडळींसाठी, आणि इथे रीतसर परवाना काढून या धंद्यात उतरू पाहणाऱ्यांसाठी.

मी उलट एकच विचारतो: पेला टेबलावर ठेवून थंडावा गेला, की धूसरपणा जातो का? बहुतेकांचा जातो. फ्रिजमधून काढलेला पेला दोन्ही तळव्यांत धरून बसा. काचेवरचं दव पुसत राहा. हळूहळू पलीकडचा खिडकीचा गज दिसायला लागतो. काही वेळाने बिअर पार नितळ होते. तोच पेला परत फ्रिजमध्ये ठेवला की परत धूसर. याला आम्ही चिल हेझ म्हणतो. बार्लीतली काही प्रथिनं आणि बार्लीच्या टरफलातून, हॉप्समधून (बिअरला कडवटपणा देणारी फुलं) आलेली पॉलिफेनॉल्स, म्हणजे तुरट द्रव्यं, थंडीत एकमेकांना धरतात आणि त्यांचे बारीक कण होतात. ऊब मिळाली की पकड सुटते, कण विरघळतात.

उपाय यातच आहे. जे थंडीत बाहेर येतं, ते थंडीतच बाहेर काढायचं आणि थंडीतच खाली बसू द्यायचं. लोक दोन दिवस फ्रिजमध्ये ठेवतात, मग बाटल्या भरायला टाकी स्वयंपाकघरात आणतात, आणि भरेपर्यंत सगळं पुन्हा विरघळलेलं असतं. आंबवण संपली की लागर शून्य ते दोन अंशांवर ठेवा, चार ते सहा आठवडे. साक्यावरून वरची बिअर काढतानाही ती तितकीच थंड असू द्या. ‘लागर’चं निम्मं काम हे असं नुसतं थांबण्याचं आहे, आणि तेच कुणाला नको असतं. चूर्ण कुठलं टाकू, हे मात्र सगळे विचारतात.

टाका ना, पण वेळेवर. पावसाळ्यात पाण्यात तुरटी फिरवली की गाळ धरून खाली बसतो, तसंच जिलेटिनचं काम. त्याच्यावर धन भार, यीस्ट आणि प्रथिनांवर ऋण. 20 लिटरला साधारण चमचाभर साधं जिलेटिन अर्ध्या कप पाण्यात भिजवा, 65–70 अंशांपर्यंत गरम करा, उकळू नका, आणि बिअर पूर्ण थंड झाल्यावरच घाला. कोमट बिअरमध्ये ते कण तयारच झालेले नसतात. मग जिलेटिनने धरायचं काय? शाकाहारी घरांतून हमखास पुढचा प्रश्न येतो, आणि तो रास्त आहे. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्याचं, आयसिंग्लास माशाच्या फुग्यातून काढलेलं. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सिलिका जेल किंवा पीव्हीपीपी (एक न विरघळणारं प्लास्टिकचं चूर्ण) वापरावं. सिलिका प्रथिनं धरते, पीव्हीपीपी पॉलिफेनॉल्स. दोन्ही खाली बसतात आणि गाळासोबत मागे राहतात. एके काळी पपईच्या चिकातलं पपेनही यासाठी वापरत. ल्यो वालरस्टाइन यांनी 1911 मध्ये तशा विकरांचं पेटंट घेतलं होतं. पण पपेन फेस धरणारी प्रथिनंही तोडतं, आणि फेस गेलेली लागर मला तरी नको.

पेला कोमट होऊनही धूसरच राहिला, तर चूक आधीच्या टप्प्यात शोधा. मॅशमधला (गरम पाण्यात भिजवलेल्या, मोड आणून भरडलेल्या बार्लीतला) थेंबभर रस पांढऱ्या बशीत घ्या, त्यावर आयोडीनचा थेंब टाका. निळा-काळा झाला तर स्टार्च शिल्लक आहे, मॅश अजून थोडा वेळ तसाच राहू द्या (तो थेंब फेकून द्यायचा, परत भांड्यात नाही). टरफलं धुवायचं पाणी 76–77 अंशांच्या वर नेऊ नका, आणि शेवटचा पांचट रस काढायचा लोभ धरू नका. टरफलातलं तुरट द्रव्य तेव्हाच उतरतं. उकळी चांगली खळखळती, तासभर. वर प्रथिनांचे पांढरट गोळे तरंगताना दिसले पाहिजेत. शेवटच्या दहा-पंधरा मिनिटांत आयरिश मॉस टाका. ते समुद्री शेवाळ आहे, शाकाहारीच.

मग झटपट थंड करणं. इथे आपली हवा आडवी येते. मे महिन्यात नवी मुंबईत नळाचंच पाणी तीस अंशांच्या आसपास असतं, त्याने रस दहा अंशांवर कसा येणार? आम्ही आधी नळाच्या पाण्याने उष्णता काढतो, उरलेलं काम ग्लायकॉलच्या (न गोठणाऱ्या द्रवाच्या) चिलरवर. आजच्या चेक देशातल्या पिल्सेनला 1842 मध्ये योझेफ ग्रोल यांनी पहिली सोनेरी पिल्सनर केली, तेव्हा त्यांच्याकडे खडकात खोदलेली थंड तळघरं होती. 1870 च्या दशकात कार्ल फॉन लिंडे यांची शीतयंत्रं ब्रुअरींत आली म्हणून आज खाडीकाठच्या या दमट हवेतही लागर होते. आमची सगळी मदार विजेवर. पावसाळ्यात फीडर ट्रिप झाला की मी सगळं सोडून आधी टाक्यांचं तापमान बघतो.

गव्हाची बिअर मात्र गढूळच असायची, तिच्यामागे लागू नका. जर्मनीच्या फ्रान्कोनियातली केलरबिअरही न गाळलेली, धूसर, आणि उत्तम. लागरमध्ये धूसरपणा दिवसेंदिवस वाढत असेल आणि सोबत आंबूस वासही असेल, तर ते जंतूंचं काम. कुठलंही जिलेटिन त्यावर चालत नाही. ओतून टाका, नळ्या आणि रबरी वायसर बदला, आणि पुढची बॅच नव्या यीस्टवर घ्या.